बापाशीचा गाऱ्हाणा

"माझ्याशिवाय बाबांका बोलूक येता काय? आत बसान नुसते भिंतीक बघत रवतले." चप्पल पायात सरकवता सरकवता कौस्तुभ आईवर डाफरत होता.

सुगंधाने वर बघितलंसुद्धा नाही. ओरोसच्या दवाखान्यातल्या ग्लिनिस मॅडमचा फोन आला होता, आज तिच्या नवऱ्याने, बाळाने, एकट्याने आत बसायचं, मुलाने बाहेर. "मॅडम सांगतत ता ऐक," म्हणून ती डब्यात भाकऱ्या भरत राहिली.

दिवाळीनंतर शिवा समुद्रात गेला तेव्हापासून बाळाचं तोंड बंद झालेलं. शिवा शेजारचाच, बावीस वर्षांचा. होडीवर दोघे गेले आणि बाळा एकटा परत आला. तेव्हापासून हा माणूस समुद्राकडे पाठ करून बसतो, ताटातलं अर्धं कुत्र्याला घालतो, आणि काय विचारलं तर मान हलवतो. मग आरोग्य केंद्राच्या आशाताईने ग्लिनिस मॅडमचं नाव सांगितलं. म्हणाली, तिथं सुई नाही गोळी नाही, नुसतं बोलायचं.

बोलायचं म्हटल्यावर कौस्तुभ पुढे झाला. नववीत शाळा सोडली तरी तोंड कसं तिखट. आणि देवळात तरी वेगळं काय असतं? ज्याचं दुखणं तो हात जोडून उभा, गाऱ्हाणं घालतो गावकार, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तसंच त्याने चार वेळा मॅडमसमोर बापाचं गाऱ्हाणं घातलं. लाट कशी आली, दोरी कशी तुटली, शिवा कसा हातातून सुटला, त्या दिवशी किनाऱ्यावर बापाच्या तोंडून ऐकलेलं सगळं. मॅडम विचारायच्या बाळाला, उत्तर द्यायचा कौस्तुभ, बाळा मान हलवायचा. चारही खेपा फुकट गेल्या.

आज दारातच मॅडमनी त्याला थांबवलं आणि बाळाला म्हणाल्या, "ज्याचं दुखतं त्यानंच सांगायचं. अडखळत सांगा, रडा, नाहीतर गप्प बसा. मी आहे बसलेली."

दार लागलं. कौस्तुभ बाकावर बसला, उठला, परत बसला. आत काही आवाज नाही. बरं झालं, मी सांगितलं होतं, असं त्याच्या मनात आलं, पण पाय काही स्वस्थ बसेनात. मग आतून बापाचा आवाज आला. इतक्या महिन्यांनी आलेला, गंजल्यासारखा. तो खिडकीच्या पट्ट्यांजवळ जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी माझो झील कौस्तुभ येवचो होतो होडयेर," बाळा सांगत होता. "तो उठाक नाय. माझ्यावर वरडलो. मग रागान मीच शिवाक हाक मारलंय. ह्या भायर बोललंय तर पोर मोडतलो, म्हणान गप रवलंय."

चारही खेपा कौस्तुभने सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. त्याला वाटलेलं बाप विसरला असेल. घडाघडा बोलत राहिलं की कोणाला विचारायची फुरसत मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि बाप तेवढ्यासाठीच गप्प बसलेला, हे मात्र ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाळाचे डोळे सुजलेले, पण खांदे सैल झालेले. इकडे तिकडे बघून तो म्हणाला, "चाय गावतली काय रे खंय?" दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्याने काही मागितलं होतं.

कौस्तुभ अजून खिडकीपाशीच उभा होता. मॅडम त्याच्याकडे आणि खिडकीकडे बघत होत्या. रागावल्या नाहीत. "तू येतोस थोडा वेळ?" त्यांनी विचारलं. "तुझं तूच सांगायचं."

आतली खुर्ची मोकळी होती. परतीच्या बसला दीड तास होता. बाप बाकावर टेकला, घाई नसल्यासारखा, आणि मुलाच्या तोंडाकडे बघत राहिला. कौस्तुभने तोंड उघडलं. लाट, दोरी, सगळं पाठ होतं, त्यातलं काहीच आता चालण्यासारखं नव्हतं.

"माका आता घराक जावक व्हया," तो म्हणाला.