फाटकातली खोट

आमच्या एगर गावात लोहाराला उस्ताद व्हायचं तर आपलं सगळ्यात चांगलं काम पंचांपुढे ठेवावं लागतं, आणि उस्ताद झाल्याशिवाय लग्न करता येत नाही. माझा लोहार किलियान नापास झाला असता तर आणखी वर्षभर गावोगाव हातोडा घेऊन भटकला असता, आणि बाबांनी मला त्या विधुर मेणबत्तीवाल्याच्या गळ्यात बांधलं असतं.

त्यानं पंचांपुढे ठेवलं ते लोखंडी फाटक मोठ्या पाद्रीबुवांच्या बागेचं. द्राक्षांचे घोस म्हणजे येशूचं रक्त, सूर्यफूल म्हणजे देवाकडे वळलेलं मन, माथ्यावरचा मुकुट म्हणजे स्वर्ग. वेली अशा वळवल्या होत्या की हात लावून बघावंसं वाटे. पंच नाक चिकटवून बघत होते आणि त्यांची तोंडं उतरत चालली होती.

रीत अशी, की बारीक खोट निघाली तर एक सुरई वाइन पाजायची; मोठी निघाली तर काम बाद. म्हणून शहाणा लोहार दोन-चार ठिकाणी मुद्दाम बारीक खोट ठेवतो. हा पठ्ठ्या छाती काढून उभा, म्हणे शोधा काय शोधायचं ते.

शेवटी थोरले उस्ताद गाश्पार ओठ चाटत म्हणाले, ही पानं कोबीची दिसतात, ही तर मोठीच खोट. मेले तहानले होते, दुसरं काय!

मी मधे घुसले. "उस्ताद, पानांचं राहू द्या. मी द्राक्षमळेवाल्याची लेक. असा घोस कधी लोंबतो का? ही घ्या एक बारीक खोट."

मग देठ जाड ठरवला, वेल उलटी फिरवली, सूर्यफुलाला तिरळं केलं. प्रत्येक खोटीला बाबांच्या तळघरातली एक सुरई कबूल केली. पंच खुलले. किलियान दातओठ खात म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूची?" मी त्याच्या पायावर पाय दिला.

तिसऱ्या सुरईला गाश्पारनी त्याला उस्ताद केलं आणि मिठी मारून सांगितलं, कोबी झकास जमलाय.

संध्याकाळी हा आला तो फुगूनच. लग्नाचा शब्द नाही, फाटकाचंच पुराण. मला असा राग आला!

"खरं सांग रोझालिया, त्यातली खरी खोट कुठली?"

एकही नव्हती. पण म्हटलं, "आहे एक. नवऱ्यालाच सांगेन."

टोपी तिथेच टाकून तो पाद्रीबुवांकडे तारीख काढायला पळाला.