सांभाळायला दिलेला बैल

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुमच्या शिंगांना दोर बांधलेला आहे, पाठीवर ऊन आहे आणि समोर ट्रकला फळी टेकवलेली आहे. तिच्यावरून चढून गेलात की परत यायचं नाही.

मी एक जुना बैल आहे. तांबडा, तोंडावर पांढरा पट्टा, म्हणून माझं नाव थामागा. जन्मलो मोत्लाबानींच्या कळपात. माझ्या कानावर त्यांची खूण कातरलेली आहे. पण वासरू असतानाच त्यांनी मला त्शेनोलोच्या आईवडिलांकडे सांभाळायला दिलं. आमच्या बोत्स्वानातली ही जुनी रीत. ज्याच्याकडे गुरं उदंड, तो गरिबाच्या दारी एखादं जनावर ठेवतो. चारापाणी गरिबाने करायचं, काम त्याने करून घ्यायचं, मालकी मात्र धन्याची.

नऊ वर्षं मी या घरासाठी राबलो. इथे चार घरांचे बैल मिळून एक नांगर चालतो. ज्याचा बैल जोतात नाही, त्याच्या शेताची पाळी येत नाही. गेली तीन वर्षं पुढे दोर धरून त्शेनोलो चालते. ती आता दहा वर्षांची आहे. चालता चालता मला पाढे म्हणून दाखवते. चुकली तरी मी कुणाला सांगणार!

यंदा देशाने स्वतःचं विद्यापीठ बांधायचं ठरवलं. तिजोरी पुरेना, म्हणून घरटी एक जनावर मागितलं. गुरं नव्हती त्यांनी अंडी आणली, ज्वारी आणली. एका म्हातारीने कोंबडी आणली आणि विचारलं, "हिला कितव्या वर्गात बसवणार?" सारी गावसभा हसली.

मोत्लाबानींकडे दोनशे गुरं. त्यांनी निरोप धाडला, "थामागाला घेऊन या."

"दोनशेंतून नेमका आमचाच दिसला?" त्शेनोलोची आई कडाडली.

"आमचा कुठला? त्यांचाच," वडील म्हणाले. "मागितला की द्यायचा."

"आणि नांगर?"

"मी ओढीन."

"ओढा की! पण तुम्हाला वळवायला चाबूक लागेल."

एरवी दोघं हसले असते. आज कुणी हसलं नाही.

सभेत गावप्रमुखांनी पुकारा केला, "हा बैल मोत्लाबानींचा!" बायकांनी आनंदाने ललकारी दिली. मोत्लाबानी टोपी काढून उभे राहिले. माझ्या खांद्यावरचे घट्टे कुणी पाहिले नाहीत.

त्शेनोलोने दोर त्यांच्या हातात दिला. "काका, दान तुमचं. तुम्हीच चढवा."

त्यांनी ओढलं. मी पाय रोवले. पुन्हा ओढलं. मी तसाच.

"अहो दोनशे गुरांचे धनी, एक बैल हलेना?" कोंबडीवाली म्हातारी ओरडली.

"पोरी, तूच चढव," गावप्रमुख म्हणाले.

"चढवते. मलाही तिथे शिकायचंय," त्शेनोलो म्हणाली. "पण पेरणीला आमच्याकडून जोतात कुणाचा बैल जाणार?"

आमच्या सभेत मुलं बोलत नाहीत. वडिलांनी मान खाली घातली. मोत्लाबानींनी उगाचच टोपी झटकली.

"बघू," ते म्हणाले.

त्शेनोलोने त्यांच्या हातून दोर घेतला आणि फळीवर पाय ठेवला. तिच्यामागून मी चढलो. दुसऱ्या कुणामागून चढलो नसतो.

मित्रांनो, त्या विद्यापीठाच्या भिंती उभ्या राहतील, दात्यांची नावं लागतील. ती जरूर वाचा. पण ज्यांनी आपली पेरणी दिली, त्यांची विचारपूसही करा. दान देणाऱ्याचं शेत पडीक राहू नये, एवढंच एका मुक्या जनावराचं मागणं आहे.

ट्रक सुरू झाला. फळ्यांच्या फटीतून मला दिसलं, त्शेनोलोचे आईवडील घराकडे निघाले होते. ती त्यांच्याबरोबर गेली नाही. माझ्या शिंगांवरून सोडलेला रिकामा दोर खांद्यावर टाकून ती मोत्लाबानींच्या मागोमाग, त्यांच्या गोठ्याच्या वाटेने चालू लागली.