व्हरांड्यासमोरचे उतरणे

ठकीच्या पणजोबांनी कुरण सपाट करून धावपट्टी आखली, आजोबांनी तिच्या कडेला विमानाची शेड बांधली आणि बाबांनी तिथे हौशी लोकांना विमान शिकवण्याचे काम सुरू केले. तिन्ही पिढ्यांचे पुरुष रुंद छातीचे, खणखणीत आवाजाचे, आणि विमानावर हात असा बसलेला की पाहणाऱ्याने पाहत राहावे. उतरताना मात्र तिघांनाही थांबता आले नव्हते. प्रत्येकी एकदाच, पण ते एकदाही पुरेसे होते.

पट्टी जिथे संपते तिथे तारेचे कुंपण होते आणि त्यापलीकडे रोपवाटिका. पणजोबा आपले दोन आसनांचे विमान कुंपणासकट टोमॅटोच्या रोपांत घेऊन गेले. आजोबांनी ओल्या गवतावर ब्रेक दाबले. चाके थांबली, विमान थांबले नाही, आणि त्याचे नाक पाण्याच्या हौदात बुडाले. बाबांनी होणाऱ्या सासऱ्यांसमोर कर्तबगारी दाखवायची म्हणून भरधाव उतरून काचघराच्या एकतीस काचा फोडल्या. कुणालाही साधे खरचटले नाही. सासऱ्यांनी मुलगीही दिली. "मुलगा थांबत नाही, पण पळूनही जात नाही," एवढाच शेरा मारला.

या तिन्ही अपघातांचे कारण म्हणजे पणजोबांचा व्हरांडा. पट्टीच्या घराकडच्या टोकाला त्यांनी तो मुद्दाम बांधला होता. विमानाने घराच्या छपरावरून यावे आणि खुर्च्यांत बसलेल्या मंडळींसमोर उतरावे, हा त्या घरचा रिवाज. दुसऱ्या टोकाकडून उतरणे म्हणजे मागच्या दाराने घरात शिरणे. आणि उतरायला काढलेले विमान पुन्हा वर नेणे म्हणजे तर नाकच कापून घेणे.

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना सगळे रोपवाली मावशी म्हणत. पणजोबा टोमॅटोत आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अंगावरची माती झटकत त्यांनी तिला शब्द दिला, "पुढच्या रविवारी तुला वर फिरवून आणतो." तो रविवार दुरुस्तीत गेला, पुढचे सबबींत. हौदातून बाहेर येताना आजोबांनी तोच शब्द दिला, काचा वेचताना बाबांनी. अशी सत्तर वर्षे गेली.

यंदा पट्टीच्या परवान्याचे नूतनीकरण आले. अधिकाऱ्याने जुने कागद चाळले, तिन्ही अपघात एकाच कुंपणात पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. पलीकडच्या जमिनीच्या मालकाची लेखी संमती आणा, नाहीतर महिनाअखेरीस फाटकाला कुलूप, असे त्याने बजावले. आजोबा आणि बाबा एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी दोघांनी ठकीला पुढे केले. तिला वैमानिकाचा परवाना मिळून दोन वर्षे झाली होती, आणि रोपवाटिकेत तिने अजून काहीच मोडले नव्हते.

मावशी मिरचीची रोपे पिशव्यांत लावत होती. तिने कागद वाचला आणि मातीच्या हातांनीच परत दिला.

"सही देईन. पण आधी ती फेरी."

"मावशीआजी, आत्ता?"

"मी एकोणऐंशी वर्षांची आहे, ठके. पुढच्या रविवारवर आता माझा भरवसा नाही. आणि एक लक्षात ठेव. विमान माझ्या वाफ्यात थांबलं, तर तो कागद मी चुलीत घालीन."

दुपारी चार वाजता मावशी स्वच्छ साडी नेसून, पदर खोचून हजर झाली. व्हरांड्यात खुर्च्यांवर जमलेल्या मंडळींत आजोबा वायरलेस घेऊन बसले होते. त्यांच्याहून एकाच वर्षाने मोठी असलेली मावशी त्यांना आजही छोट्या म्हणे, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते निमूट ओ देत.

"छोट्या, पोरीला शिकवत बसू नकोस."

"नाही, ताई."

वारा पडलेला होता. विमान अलगद सुटले. मावशीने पहिली दोन मिनिटे खुर्चीची कड घट्ट धरली, मग खाली वाकून पाहिले आणि आपली रोपवाटिका ओळखल्याबरोबर तिचा चेहरा फुलला. पण कौतुक तोंडातून निघेल तर ती मावशी कसली?

"तिसऱ्या वाफ्याला पाणी पोचलेलं नाही. माळ्याने मला पोचलं म्हणून सांगितलं."

नदी पाहून झाली, टेकडी पाहून झाली. ठकीने विमान घराच्या दिशेला वळवले आणि तिचे लक्ष खांबावरच्या वारादर्शक पिशवीकडे गेले. मघाशी लोंबकळणारी ती पिशवी आता ताठ उभी राहून रोपवाटिकेकडे बोट दाखवत होती. वारा उठला होता, आणि व्हरांड्यावरून उतरले तर तो पाठीवर बसणार होता.

"नेहमीच्याच बाजूने ये," वायरलेसवर आजोबा म्हणाले. "मंडळी बसली आहेत."

ठकीला कळत होते. तरीही लहानपणापासून पाहिलेल्या रिवाजाने हात ओढला आणि तिने छपरावरूनच विमान खाली आणले. पाठीवरच्या वाऱ्याने ते ढकलत नेले. चाकांखालून गवत सुसाट पळत होते, पण चाके टेकायला तयार नव्हती. अर्ध्या वाटेवरचे पांढरे पिंप बाजूने निघून गेले. पुढे कुंपण मोठे होत चालले.

"बसव," आजोबा म्हणाले. "अगं, बसव खाली."

आत्ता चाके टेकवली, तर ती मिरचीच्या रोपांतच थांबणार, हे ठकीला लख्ख दिसले. तिने इंजिनाचा दांडा पूर्ण पुढे सारला. विमान गुरगुरले, सावरले आणि कुंपणावरून, काचघरावरून पुन्हा वर चढले.

वायरलेसवर आजोबांचा पडेल आवाज आला. "आपल्या घरात असं आजवर कुणी केलं नव्हतं."

"म्हणून तर मावशीआजीच्या काचा फुटल्या, आजोबा."

मावशी मान वळवून तिच्याकडे पाहत होती. "काय झालं गं?"

"थांबायला जागा उरली नव्हती. म्हणून परत वर आले."

"हे असं करता येतं?"

"येतं की."

"तुझ्या आजाला ठाऊक आहे?"

"आहे."

"आणि बापाला?"

"त्यांनीच तर मला शिकवलं."

मावशीला हसू फुटले, असे की पट्ट्याखाली तिचे खांदे गदगदू लागले. डोळे पुसत ती म्हणाली, "सत्तर वर्षं मला वाटत होतं, या यंत्राला मागे फिरताच येत नाही. आणि ते फिरत नव्हतं ते तुमच्या घराण्याच्या मिशांमुळे होय?"

ठकीने मोठे वळण घेतले. "आजोबा, मी रोपवाटिकेकडून उतरते आहे."

"मंडळींच्या खुर्च्या..."

"फिरवून ठेवा."

आता वारा समोरून आला आणि त्याने विमानाला आपणहून धरून ठेवले. काचघर खालून गेले, कुंपण गेले, चाके गवताला हलकेच लागली. पांढऱ्या पिंपाच्या कितीतरी अलीकडे विमान थांबले. पुढे पट्टी अर्ध्याहून अधिक मोकळी पडली होती, आणि तिच्या पार टोकाला आजोबा हातात खुर्ची घेऊन उभे होते.

बाबा धावत आले, त्यांच्यामागून आजोबा. मावशी पदर सावरत उतरली, ठकीकडचा कागद विमानाच्या पंखावर ठेवून तिने सही केली आणि तो परत तिच्या हातात दिला. मग ती आजोबांकडे वळली.

"छोट्या, तुझ्या बापाने कबूल केलेली फेरी आज झाली."

"आज बुधवार आहे, ताई," आजोबा खाली मान घालून म्हणाले.

"चालेल. तुमच्याकडे आता माझं काही राहिलं नाही," मावशी म्हणाली, आणि तिसऱ्या वाफ्याला पाणी सोडायला कुंपणाच्या फाटकातून आपल्या पायांनी घरी गेली.