मोटारीचा नंदादीप

खंडेनवमीला भालकीकडच्या त्या गावात नांगर-कुळवांच्या जोडीनं अंकुशराव देशमुखांच्या मोटारीचीही पूजा व्हायची. अवजारांच्या रांगेत मोटार कशाला, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. पूजा मालकीणबाई, म्हणजे सत्यभामाबाई करायच्या, आणि त्यांच्यापुढे खुद्द अंकुशरावांचंही फारसं चालत नसे.

यंदा त्यांनी ड्रायव्हर काशाप्पाला विचारलं, "हिचा जीव कशात हाय रे?"

"बिरेकात, अक्का. इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी येतंय. बिरेक गेला तर येतच न्हाई."

बाईंना ते पटलं. झेंडूची सगळ्यांत जाड माळ त्यांनी पायानं दाबायच्या ब्रेकच्या दांड्याला गच्च गुंडाळली, हळदकुंकू वाहिलं आणि गाडीला प्रदक्षिणा घालत मागे येऊन बघतात तर काय, तांबडा दिवा लागलेला!

ब्रेकवर पाय ठेवला की तो लागतो आणि पाय काढला की विझतो, हे काशाप्पाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मोटार गेली की गावाच्या वाट्याला धूळच यायची, त्या धुळीतून दिवा कुणाला दिसणार?

"देवीनं लावलाय," सत्यभामाबाईंनी हात जोडले. "नवरात्राचा दिवा हाय. उद्या घट उठेस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

बाया ओट्या घेऊन धावल्या. काशाप्पानं मात्र बॅटरीकडं पाहिलं.

त्याची बायको पद्माबाई बिदरकडच्या कल्याणजवळ माहेरी बाळंत झाली होती. मुलगी झाल्याचा निरोप ज्येष्ठात आला, मग पावसानं वाटा बंद झाल्या आणि वाटा सुटल्या तेव्हा मालकांची बिदरची कामं निघाली. लेक चार महिन्यांची झाली, पण बापानं अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. उद्या दसऱ्याला मोटार घेऊन जा आणि दोघींना घेऊन ये, असं सत्यभामाबाईंनीच सांगितलं होतं. आता हा दिवा रात्रभर जळला तर बॅटरी पार बसणार. मग हँडल मारून खांदा निखळला तरी ठिणगी पडणार नाही. बॅटरी भरून आणायची तर बिदर गाठायचं, तेही बैलगाडीनं.

तो गाडीखाली शिरला. ब्रेकच्या दांड्याला स्प्रिंगनं जोडलेलं दिव्याचं बटण त्यानं बोटानं चाचपलं. अडकलेलं नव्हतं. तार कुठं सोलली नव्हती. बाहेर येऊन बघतो तर ब्रेकचा दांडाच बोटभर खाली राहिलेला. पायाच्या अंगठ्यानं त्यानं तो वर उचलला.

"विझला! विझला!" मागे बायांनी एकच गिल्ला केला. काशाप्पानं घाबरून अंगठा काढला आणि दिवा परत लागला.

मग त्याला उमगलं. पायाखालच्या फळीतल्या ज्या फटीतून दांडा खाली जातो, त्या फटीत माळ ठासून बसली होती, म्हणून दांडा पुरता वर येत नव्हता. देवीनं नव्हे, बाईंनीच ब्रेक दाबून ठेवला होता! हे त्यांना कोण सांगणार? काशाप्पाला नोकरी प्यारी होती, आणि बाईंची माया त्याहून.

"अक्का, जरा माळ काढायची व्हती."

"कामून विझवायलास रे? सणासुदीचं अवदसा आठवली व्हय?"

काशाप्पा हळूच म्हणाला, "देवघरातल्या दिव्याची काजळी झाडताना काय करताव तुमी?"

"त्याच्यावर दुसरा दिवा लावून घेतेत. मग झाडतेत."

"मग ह्याच्यावर बी लावून घेऊ की. ह्याला जी वीज, तिच्यातूनच. न्हाई तर हा रात्रीच मरतोय, अक्का, आन् सकाळी गाडी हलत न्हाई. माझी लेक..."

बाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं आणि आतून समई आणली.

बॅटरीवरून दोन लांब तारा काढून काशाप्पानं अंगणात नेल्या. वातीचं टोक पेट्रोलात बुडवलं, तारांची टोकं भिडवली. चट् झालं आणि वात भक्कन पेटली. बायांनी हात जोडले. बाईंनी समई पदराआड धरून देवघरात नेली, परत येऊन माळ स्वतःच्या हातानं सोडली आणि स्टिअरिंगला बांधली. लाल दिवा विझला, पण या खेपेला कुणी गिल्ला केला नाही.

"सकाळी लौकर नीघ," त्या म्हणाल्या. "लेकराला उन्हात आणू नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी जरा कुरकुरली, पण इंजिन लागलं. सासुरवाडीच्या दारात पोचल्यावरही काशाप्पानं ते बंद केलं नाही, परत लागेल न लागेल! पद्माबाईनं जवळ येऊन लेक त्याच्या मांडीवर ठेवली. तिचं नाक थेट त्याचंच होतं. काशाप्पाचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

सासू चन्नव्वानं गाठोडी मागे ठेवली. पद्माबाई शेजारी बसली. थोडा वेळ गेला.

"निघायचं न्हाई व्हय?" तिनं विचारलं. "इंजिन चालू हाय की."

"निघू की," काशाप्पा म्हणाला. पण लेकीनं त्याचं बोट मुठीत धरलं होतं, आणि ते सोडवून घ्यायचा धीर त्याला होईना.