गुणवंतरावले कापू नका

चार वर्षांचा पियुष सकाळपासून पोहायची ट्यूब कमरेत अडकवून तयार होता. ट्यूब निळी होती, पुढे बदकाची मान होती आणि ती काढायला त्याचा साफ नकार होता. आज आजोळच्या गावी जायचं, तिथे तलाव आहे, आणि तलावात पोहायचं असतं, एवढं त्याचं पक्कं होतं.

"अरे, चैत्रात तलावात गुडघाभरच पानी असते," प्रफुलने समजावलं.

"कोनाचा गुडघा?" पियुषने विचारलं. बापाचा गुडघा त्याच्या छातीपर्यंत येत होता, त्यामुळे मुद्दा तिथेच संपला.

बल्लारपूरहून पोंभुर्ण्याकडे निघायचं, म्हणजे स्कूटरवर पुढे पियुष उभा, मग प्रफुल, मग सात वर्षांची आचल, आणि शेवटी पिशवी सांभाळत रिना. ट्यूबमुळे प्रफुलला हँडल लांबून धरावं लागत होतं. शिवाय वळण आलं की बदकाचं डोकं हॉर्नच्या बटणावर दाबलं जाई. फाटकातून निघतानाच हॉर्न असा काही वाजला की घरमालक गुणवंतराव बाहेर आले.

गुणवंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. खाली ते एकटे राहत, वर प्रफुलचं बिऱ्हाड. दोन्ही बाजूंनी हनुवटीपर्यंत लोंबणाऱ्या त्यांच्या मिशा मोहल्ल्यात प्रसिद्ध होत्या, आणि त्यांचा आवाजही. त्यांच्या अंगणात गेलेला चेंडू परत मिळत नसे. त्यांना पाहताच पियुषने बदकाची मान खाली दाबून धरली.

"सासरी चालला का?" गुणवंतराव म्हणाले. "मंग मासोळी आनजो. गावरानी मांगूर भेटला तर पाह्यजो. इथच्या बाजारात नुसता गाळ भेटते."

"आनतो ना जी," प्रफुल म्हणाला. त्याच्या स्वतःच्या तोंडालाही सकाळपासून पाणी सुटलं होतं. सासूबाईंच्या हातचा रस्सा तो होळीपासून मनातल्या मनात जेवत होता.

रस्त्यावर पळसाच्या फुलांचा सडा पडलेला, आणि जंगल लागलं तसा मोहाचा वास. वाटेतल्या प्रत्येक वळणावर बदक ओरडलं. दोन माकडं आणि एक सायकलवाला बाजूला झाले.

गावात पोचले तेव्हा रिनाची आई, इंदिराबाई, अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. नातवाला बघून त्या पुढे आल्या, पण मिठीत घेताच येईना. मध्ये ट्यूब. शेवटी त्यांनी त्याच्या डोक्याचाच मुका घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "काऊन वं, याले काई दुखन हाय का कमरेचं?"

रिनाचे वडील सोमाजी तलावावरच जायला निघाले होते. उन्हाळ्यात पाणी आटलं की मच्छीमार सोसायटीचे लोक मिळून जाळी टाकत आणि मासोळीचे वाटे होत. सोमाजींची सारी हयात पाण्यात गेलेली. त्यांनी जाळं खांद्यावर टाकलं, एका हाताला आचल, दुसऱ्याला ट्यूब.

तलावात पियुषने दोन पावलं टाकली आणि चिखलात बसला. पाणी त्याच्या पोटापर्यंत, ट्यूब पाण्यावर, आणि तो तिच्यातून मान वर काढून खूश. "आबाजी, मी पोहून राह्यलो!" हात हलवण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं. त्याच्याभोवती वेढा घालून माणसं जाळं ओढत राहिली.

वाटे झाले तेव्हा सोमाजींच्या वाट्याला बारीक मासोळी, दोन मध्यम मांगूर आणि एक मोठा मांगूर आला. मोठा मांगूर त्यांनी पाणी भरलेल्या बादलीत सोडला. चपटं डोकं, रुंद तोंड आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लांब लांब मिशा. बादलीच्या तळाशी तो रागावल्यासारखा बसून होता.

"बोट नका लावू रे, काटा मारते," सोमाजी म्हणाले.

पियुष बादलीवर वाकला. मांगूर वर आला, त्याने तोंड उघडून हवा घेतली, पियुषकडे बघितलं आणि परत खाली गेला.

"ताई," पियुष दबक्या आवाजात म्हणाला, "हे तर गुणवंतराव हाय."

आचलने वाकून पाहिलं. तिलाही पटलं. "तसेच पाहून राह्यले आपल्याकडं," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत गुणवंतरावांची चांगली ओळख झाली होती. पियुषने त्यांना बिस्कीट दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. चेंडू का देत नाही असं विचारलं, त्यावर ते तळाशीच राहिले. आणि ते आवाज चढवत नाहीत हे ध्यानात आल्यावर पियुषने त्यांना पोहण्याविषयी पुष्कळ सल्ला दिला.

इंदिराबाईंनी मसाला भाजून ठेवला होता. त्यांनी मासोळी चिरायची पावशी धुतली, त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "आना बाप्पा बादली."

पियुष बादलीच्या झाकणावर बसला.

"ऊठ बेटा, मासोळी कापू दे."

"मासोळी नाई, गुणवंतराव हायेत!"

"कोन गुणवंतराव?"

"आमचे घरमालक," रिना कपाळाला हात लावून म्हणाली.

इंदिराबाईंनी पावशी खाली ठेवली. "अवो माय! त्याइचं नाव काऊन ठेवलं मासोळीले?"

मग समजावणं सुरू झालं. प्रफुलने चॉकलेट देऊ केलं. रिनाने डोळे वटारले. सोमाजींनी सांगितलं की मांगूर हा खाण्यासाठीच असतो. "पन गुणवंतराव नाई ना," पियुष म्हणाला आणि रडायला लागला. ट्यूब अजून कमरेत होती. हुंदका आला की बदकाची मान हलायची.

प्रफुलला एक युक्ती सुचली. त्याने पियुषला मोहफुलं दाखवायला अंगणात नेलं. तेवढ्यात सोमाजींनी मोठा मांगूर पाणी भरायच्या पितळी गुंडात लपवला आणि बादलीत एक मध्यम सोडला. पियुष परत आला. त्याने झाकण उचललं.

"हे कोन हाय?"

"कोन म्हंजे? तोच," प्रफुल म्हणाला.

"याची मिशी तुटकी हाय. गुणवंतराव कुठी हायेत?" त्याने घरभर बघितलं, मग भोंगा पसरला. गुंड पाण्यासकट हलला आणि आतून शेपटीचा फटका वाजला. सोमाजी जावयाकडे न बघता बाहेर निघून गेले. मोठा मांगूर परत बादलीत आला, पियुष परत झाकणावर.

याच वेळी प्रफुलचा फोन वाजला. फोन आचलच्या हातात होता. ती गेम खेळत होती, गेम अडल्यामुळे वैतागली होती, आणि नाव न बघताच तिने फोन कानाला लावला.

"हॅलो. बाबा बाहेर हायेत. इथी लय गडबड हाय."

"कायची गडबड?" पलीकडून आवाज आला.

"आजी गुणवंतरावले कापून राह्यली."

"कोनाले?"

"गुणवंतरावले. पावशी धुतली, मसाला भाजला. पन पियुष त्याइच्यावर बसला हाय, उठतच नाई. मंगाशी आबाजीनं त्याइले गुंडात लपवलं होतं."

"कोनी सांगितलं कापाले?"

"बाबानं. बाबाले लय दिवसापासून खायचे होते. तुमी कोन बोलता?"

"मी गुणवंतराव बोलून राह्यलो!"

आचलने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, मग बादलीकडे बघितलं. "आजी," ती ओरडली, "गुणवंतरावचा फोन हाय!"

इंदिराबाई पाटावरून ताडकन उठल्या. प्रफुल धावत आला, फोन हिसकावला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन बोलत राहिला. "नाई जी... तसं नाई जी... मासोळीच हाय... लेकरायनं ठेवलं जी नाव... मिशी हाय ना तिले, म्हनून..." त्याला वाटलं, महिनाअखेर आपल्याला नवं घर शोधावं लागणार.

"व्हिडिओ लाव," गुणवंतराव म्हणाले. "पाहू दे मले."

प्रफुलने व्हिडिओ लावला आणि फोन बादलीवर धरला. नेमका तेव्हाच मांगूर हवा घ्यायला वर आला. मोबाईलमधल्या मिशा आणि बादलीतल्या मिशा काही वेळ समोरासमोर राहिल्या.

"मिशा बरोबर हायेत," गुणवंतराव अखेर म्हणाले. मग घसा साफ करून, "प्रफुल, मले मांगूर आन म्हटलं होतं, ते राहू दे. याले कापू नको बा. बरं नाई वाटत."

फोन बंद झाला. इंदिराबाईंनी मुकाट्याने दुसरे दोन मांगूर घेतले. त्या कापत असताना पियुष जवळ येऊन विचारायला लागला, "आजी, याचं नाव काय?"

"याले नाव नाई!" प्रफुल जोरात म्हणाला. "आज इथी कोनीच नाव ठेवायचं नाई!"

"माह्या रश्श्याले ठेवूनच पाहा," इंदिराबाई म्हणाल्या.

रश्श्याला कोणीच नाव ठेवलं नाही. पियुषने तर दोनदा मागून खाल्लं. बादलीतल्या गुणवंतरावांना दिसू नये म्हणून तेवढं झाकण त्याने लावून घेतलं.

ऊन उतरल्यावर सगळे तलावावर निघाले. पुढे सोमाजी बादली घेऊन, मागे नातवंडं, त्यामागे लेक-जावई. कोणी बघू नये म्हणून सोमाजींनी डोक्यावरून उपरणं ओढून घेतलं होतं आणि ते मागच्या वाटेने चालले होते. पण पाण्यात त्यांचा पुतण्या पोचू आणि आणखी दोघं जाळं घेऊन उभेच होते. सोमाजींनी बादली उपडी केली. मांगूर सळसळत गेला.

"काका," पोचूने हाक मारली, "मासोळी सुटली का हातून?"

"सुटली नाई. सोडली."

"काऊन?"

सोमाजींनी जरा विचार केला. "ओळखीची निघाली," ते म्हणाले.

जाळं धरून उभी असलेली तिघं खो खो हसली. हसता हसता पोचूने जाळं ओढलं, आणि त्यात मोठा, लांब मिशांचा मांगूर उड्या मारत होता.

"गुणवंतराव परत आले!" पियुष टाळ्या वाजवत ओरडला.

प्रफुलने पाहिलं. तोच होता. पाणी एवढं कमी की कुठे सोडला तरी संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी जाळ्यात येणार आणि रात्री कोणाच्या तरी ताटात. पोचूने मांगूर परत देऊन टाकला. सोमाजी बादलीकडे बघत म्हणाले, "जवाईबापू, याचं काई इथी निभत नाई. घेऊन जा तुमी."

प्रफुलने भीत भीत गुणवंतरावांना फोन लावला.

"आन," पलीकडून लगेच उत्तर आलं. "बागेतलं टाकं रिकामंच हाय. घासून ठेवतो."

परतीच्या वाटेवर स्कूटरवर आणखी एक सवारी वाढली. बादलीला ओलं फडकं बांधून ती पायाशी ठेवली, आणि पियुषला ट्यूब काढून मागे बसावं लागलं. ती त्याने स्वतःहून काढली, गुणवंतरावांना जागा हवी म्हणून.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सिमेंटचं टाकं धुऊन भरलेलं होतं, आणि गुणवंतराव धुतलेला सदरा घालून फाटकात उभे होते. मिशांना तेल लावलेलं दिसत होतं. त्यांनी स्वतः बादली उचलली, हळूच टाक्यात कलती केली, मग चष्मा चढवून बराच वेळ पाण्यात बघत राहिले.

"एवढं मोठं तोंड हाय का रे माह्यं?" त्यांनी विचारलं.

पियुषने आधी टाक्यात पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नाई," तो म्हणाला. "तुमचं थोडं जास्त हाय."

रिनाने डोळे मिटून घेतले. पण गुणवंतराव हसले. खालून वरपर्यंत हलत हसले. एवढ्या वर्षांत ते हसणं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर खालचं फाटक दिवसभर उघडं राहू लागलं. मुलं शाळेतून आली की दप्तरासकट टाक्याशी. गुणवंतराव कणकेच्या गोळ्या करून ठेवत आणि पियुषला मोजून देत, कारण तो हात सैल सोडत असे. आचलने टाक्यावर खडूने नाव लिहिलं, तर त्यांनी त्याच्यापुढे 'श्री' घालायला लावला.

एका रविवारी प्रफुल रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. दार धडाधडा वाजलं. उघडलं तर गुणवंतराव, बनियनवर, घाबरेघुबरे.

"प्रफुल, गुणवंतराव सकाळपासून वर नाई आले!"

प्रफुल झोपेत होता. समोर उभा माणूस आपण वर न आल्याची तक्रार करायला वर आला आहे, हे त्याला नीट जुळेना. "आले ना जी," तो म्हणाला, "हे काय, आले."

"अरे, मी नाई! ते!"

तोवर पोरं त्यांच्या बाजूने जिन्यावरून खाली पळाली होती. आचल काठावर पालथी पडली. पियुषने काठीने टाक्याच्या भिंतीवर टकटक केली. तळाशी, दगडाच्या सावलीत काहीतरी हललं, संथपणे वर आलं, तोंड उघडून हवा घेतली आणि सगळ्यांकडे एकदा रागाने पाहून परत खाली गेलं.

"झोपले होते," पियुष म्हणाला.

गुणवंतराव काठावरच बसले. त्यांनी धोतराच्या सोग्याने घाम पुसला आणि पाण्याकडे बघून ओरडले, "एवढ्या उशिरापर्यंत झोपते का कोनी!"