कूलर बंद करून

अप्पांचा शेवटचा रविवार अगदी साधा होता. मी आदल्या दिवशी संभाजीनगरहून परभणीला आले होते. नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला होता, अप्पांनी तो दोनदा मागून घेतला. माझा भाऊ राजेश्वर त्याचं खत-बियाण्यांचं दुकान उघडायला निघून गेला, तशी त्याची बायको त्रिवेणी पदराला हात पुसत म्हणाली, "अप्पा, आज अक्काची परीक्षा घ्यायची का?"

अप्पा हसले. कसली परीक्षा, हे त्या दोघांना न बोलता ठाऊक होतं. मला नव्हतं.

अप्पांच्या खोलीत नेऊन मला पलंगावर बसवलं. एप्रिल संपत आला होता, भिंती सकाळीच तापल्या होत्या, आणि त्रिवेणीनं सगळ्यात आधी कूलर बंद केला. मग पंखा.

"अगं, उकडून निघू आपण."

"निघू द्या. गाणं ऐकायचं तर घाम गाळावा लागतो हितं. विचारा तुमच्या वडलांना."

"पंख्याखाली अर्धं गाणं वाहून जातं," अप्पा म्हणाले.

मला डोळे मिटायला सांगितलं. यमनमधली एकच बंदिश दोनदा वाजणार होती. एकदा मोबाइलवरून, मी अप्पांना वाढदिवसाला दिलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर. आणि एकदा अप्पांच्या जुन्या सीडी प्लेअरवर. कोणतं कशावर वाजलं ते मी ओळखायचं होतं.

पहिलं वाजलं, दुसरं वाजलं. मी डोळे किलकिले करून त्या दोघांकडे बघत होते. अप्पा खुर्चीत मांडी घालून, पाठ ताठ. त्रिवेणी जमिनीवर, भिंतीला टेकून, सासऱ्यांसमोर खुशाल पाय लांब करून बसलेली. एका जागी दोघांच्याही माना एकदम हलल्या, जणू ओळखीचं कुणी दारातून आत आलं.

"सांगा."

"पहिला प्लेअर."

"चूक!" त्रिवेणीनं टाळी वाजवली. "अक्का, तुमी त्या कॉलेजात पुस्तकंच सांभाळा बरं का. तिथं कानाचं काम न्हाई."

अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. मला फरक खरोखरच कळला नव्हता, कारण मी ऐकलंच नव्हतं.

"तुझा स्पीकर पण चांगलाय बरं," अप्पा माझ्याकडे बघत म्हणाले. "बातम्या लय स्वच्छ येतात."

त्रिवेणीनं स्पीकर उचलला आणि स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी नेऊन ठेवला. म्हणजे त्याची जागा तिथं होती.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले. सोमवारी सकाळी राजेश्वरचा फोन आला. अप्पा झोपेतच गेले होते.

*

प्लेअर माझ्या लहानपणापासून घरात होता. अप्पा कृषी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. कामासाठी हैदराबादला गेले असताना त्यांनी तो घेतला आणि गाडीत कुणाला हात लावू न देता मांडीवर ठेवून आणला. जपानी, काळा, पेटीएवढा जड. बटण दाबलं की समोरचा कप्पा जिभेसारखा बाहेर यायचा. रविवारी सकाळी अप्पा खोलीचं दार लावून घेत आणि ऐकत बसत. मला एवढंच म्हणत, "अभ्यास कर." ते रागावून म्हणत नसत. अभ्यास ही त्यांच्या लेखी मुलीला देण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट होती.

मी बाहेर त्या दाराला पाठ टेकून वाचत बसायची. आतून जे यायचं ते लाकडातून गाळून यायचं. शब्द कळायचे नाहीत, ठेका तेवढा पाठीला जाणवायचा. माझं सुरुवातीचं सगळं वाचन तसं झालं. वाचनाची गोडी कुठून लागली असं कुणी विचारलं की मी आईचं नाव सांगते.

आई गेल्यावर अप्पांनी ऐकणं सोडलं. प्लेअर तिच्या जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेला. पुढे मोबाइल आले, गाणी फुकट झाली, आणि अप्पाही इतरांसारखे नातेवाइकांनी पाठवलेलं काहीबाही ऐकू लागले. मग त्रिवेणी सून म्हणून आली. ती वालूरची, धारदार जिभेची, डी. फार्म. झालेली. एका दिवाळीच्या साफसफाईत तिनं ते गाठोडं खाली काढलं आणि विचारलं, "हे भंगारात घालायचं का?" घालण्याआधी चालतो का ते बघावं म्हणून अप्पांनी प्लग लावला. त्यानंतर तो माळ्यावर गेला नाही.

अप्पांनी मला हे बऱ्याच महिन्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यांचा आवाज तरुण झाला होता. "अगं, मोबाइलवर गाणं भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं सपाट असतं. मला वाटायला लागलं होतं, माझेच कान गेले. पण यात बाई समोर बसल्यासारखी वाटते. तबलजी तिच्या किती मागं बसलाय ते कळतं. आणि ती गात नसते ना, तेव्हा खोलीतली शांतता ऐकू येते. इतकी वर्षं मी हे विसरलोच होतो."

"छान," मी म्हणाले.

"त्रिवेणीलापण कळलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

*

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून नेतात. अप्पांना भस्म लावलं, हार घातला, भिंतीला टेकून मांडी घालून बसवलं. ते ऐकायला बसल्यासारखेच दिसत होते. भजन सुरू असताना त्यांच्या खांद्यावरची शाल घसरली. मी उठेपर्यंत त्रिवेणीनं ती सारखी केलीसुद्धा. अशा वेळी लेकीच्या मनात काय यावं याला काही रीत असेल, तर मी ती पाळली नाही. माझ्या मनात आलं, हिला सगळं माझ्या आधी कसं दिसतं?

दिवसकार्याची शिवगण आराधना झाली, पाहुणे पांगले, आणि राजेश्वरनं विचारलं, "अक्का, अप्पांची आठवण म्हणून काय नेतीस?"

"प्लेअर."

मी जरा जास्तच पटकन म्हणाले. त्रिवेणी ताटं गोळा करत होती, तिचा हात थांबला.

"न्या की," ती म्हणाली. "तुमच्याच वडलांचा हाय."

अप्पांचे लाकडी स्पीकर आणि अॅम्प्लिफायर न्यायला जड होते, ते तिथंच ठेवले. माझ्याकडे टीव्हीला जोडलेले स्पीकर होते. निघायच्या दिवशी त्रिवेणीनं प्लेअर उलटा केला, खालच्या बाजूला काहीतरी खुडबुड केली आणि तो सीड्यांसकट गोधडीत बांधला.

"अक्का, तिकडं गेल्यावर लावायच्या आधी हे खालचं—"

"माहितीये मला."

"अप्पांनी सांगितलं व्हतं?"

"हो."

मला काहीही माहीत नव्हतं. पण तिचा चेहरा पडला. अप्पांची एक तरी गोष्ट फक्त तिच्याकडे नाही, असं तिला वाटलं असणार. मला ते बघून बरं वाटलं.

घरी आल्यावर मी प्लेअर लावला. कप्पा बाहेर आला, सीडी आत गेली, आतून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर दोन आडव्या रेघा उमटल्या. दुसरी सीडी, तिसरी, त्याच रेघा. मी पुसून पाहिला, जागा बदलून पाहिली. मग गोधडी बांधतानाचा प्रसंग आठवला आणि माझी खात्री पटली. माझ्या डोळ्यांदेखत उलटा करून हिनं काहीतरी करून ठेवलं होतं.

मी तिला विचारलं नाही. विचारायचं तर आधीचं 'माहितीये' मागं घ्यावं लागलं असतं. प्लेअर खिडकीपाशी मुका पडून राहिला, आणि मला त्यातही समाधान होतं. माझ्याकडे वाजत नव्हता, पण तिच्याकडेही वाजत नव्हता.

त्रिवेणी मात्र दर रविवारी फोन करायची.

"ऐकता का अक्का?"

"ऐकते की."

"सारंगीची लावली का? ती पिवळ्या डबीतली?"

"लावली."

"त्यात मधीच वाजवणारा श्वास घेतो, आला का ऐकू?"

"आला."

एकदा म्हणाली, "जरा फोन जवळ धरा की. मला ऐकू द्या दोन मिनिटं."

"पाहुणे आलेत गं," मी म्हणाले. घरात कुणी नव्हतं. ती "बरं बरं" म्हणाली आणि लगेच फोन ठेवला. नेहमी मी आधी ठेवायची. त्या दिवशी मला घरात बसवेना. पुढच्या शनिवारी मी प्लेअर आणि सीड्या पुन्हा गोधडीत बांधल्या आणि परभणीची गाडी पकडली.

*

मृग लागला होता तरी ढग नव्हते. रिक्षातून उतरून मी थेट अप्पांच्या खोलीत गेले आणि गोधडी पलंगावर ठेवली. त्रिवेणी मागोमाग आली.

"आता गं बाई. परत?"

"तू काय केलंस याला?"

"मी? काय केलं?"

"निघताना उलटा करून काहीतरी केलंस. तेव्हापासून वाजत नाही."

"तेव्हापासून? म्हणजे एकदाबी न्हाई वाजला?"

मी गोधडीकडे वळले.

"आन् ती सारंगी? आन् पाहुणे?"

मी गोधडीची गाठ सोडायला लागले. त्रिवेणीनं माझे हात बाजूला सारून प्लेअर स्वतः बाहेर काढला, पालथा घातला आणि ब्लाउजमधल्या पाकिटातून एक नाणं काढलं. खालच्या पत्र्यात दोन लाल स्क्रू होते. नाण्यानं तिनं ते फिरवले.

"आतलं भिंग लय नाजूक असतंय. गाडीत हादरे बसू नयेत म्हणून हे आवळायचे आन् पोचल्यावर सैल करायचे. तेच सांगायले व्हते तुमाला." तिचा आवाज चढला. "मला वाटायचं, तुमी तिकडं मजेत ऐकायलाव. रविवारी मी ह्या खोलीत झाडायलासुदिक येत नव्हते. म्हणायचे, आता तिकडं अप्पांचं गाणं लागलं असंल. आन् तुमी बसल्या त्याला मुका करून!"

"मला वाटलं तू मुद्दाम केलंस."

"कशाला करू?"

"मला मिळू नये म्हणून."

ती फसकन हसली, आणि मग हसू आवरून पलंगाच्या कडेला बसली. "मिळू नये असं वाटलं व्हतं," ती म्हणाली. "पण मोडायचं मनात आलं न्हाई. अप्पांची चीज हाय ती."

आता मात्र मला राहवेना. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "त्रिवेणी, अप्पांनी तुला पहिल्यांदा आत कधी बोलावलं?"

"कुठं आत?"

"इथं. ऐकायला."

"मला कुणी बोलवलं न्हाई."

"मग?"

"अवो, घरात कूलर एकच, तो हितं. मे महिना. स्वयंपाकघरात माझा जीव चाललेला. दार लोटलं, मेथीची जुडी घेतली आन् आत येऊन बसले. अप्पा म्हणले, मी ऐकायलोय. म्हणलं, ऐका की, मी काय बोलायले का? तर त्यांनी कूलरच बंद केला. मी बी उठले न्हाई. त्यांना वाटलं उकडून जाईल. मला वाटलं सीडी संपली की कूलर लागंल. शेवटी ठरलं, एक सीडी त्यांची, मग तासभर कूलर माझा." तिनं डोळे पुसले. "लय दिवसांनी म्हणले, मेथी निवडू नको मधी, देठाचा आवाज येतो."

दार लोटलं. एवढंच. मी इतकी वर्षं असं धरून चालले होते, की त्यांनी तिला निवडलं आणि मला नाही. त्यांनी कुणालाच निवडलं नव्हतं. ती उकाड्यानं आत गेली होती आणि मी बाहेर हाकेची वाट बघत बसले होते. हे कळल्यावर मत्सर जायला हवा होता. तो गेला नाही. उलट आता तर मला तिच्या उकाड्याचाही हेवा वाटला.

त्रिवेणीनं प्लेअर त्याच्या जागी ठेवला, तारा जोडल्या, यमनची सीडी घातली. कूलर बंद, पंखा बंद. "जरा तापू द्या त्याला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं बटण दाबलं.

या वेळी बघण्यासारखं काही नव्हतं. खुर्ची रिकामी होती. तानपुरा सुरू झाला आणि त्याच्या तारा मला एकेक सुट्या ऐकू आल्या, कुठली जवळची, कुठली लांबची. मग काहीच नाही. त्या काहीच नसण्यात एक खोली होती, तिला भिंती होत्या, आणि कुणीतरी गायच्या आधी बसल्या जागी जरा सावरून बसलं. आवाज लागला तो स्पीकरमधून आलाच नाही. माझ्यापासून हातभरावर, हवेत उभा राहिला. मला अप्पा फोनवर काय सांगत होते ते कळलं. मी त्यावर 'छान' म्हणाले होते.

"थांबा थांबा," त्रिवेणीनं गाणं थांबवलं. "फ्रिज घरघरायलाय. जाऊन बंद करा तेवढा. मी पहिल्यापासून लावते."

मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला. परत आले तर रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता, त्याचा आवाज येऊ नये म्हणून त्रिवेणीनं दार आतून लोटून घेतलं होतं. आत पहिल्यापासून सुरू झालं होतं. लाकडातून तानपुरा येत होता, गाळलेला, जाडसर, अगदी जसा यायचा तसा. दाराला कडी नव्हती. नुसतं लोटलं असतं तरी उघडलं असतं.

माझा हात दारावर होता. आत त्रिवेणी आहे, तिला ऐकू जाईल, हे मला माहीत होतं.

"अप्पा," मी मोठ्यानं म्हणाले, "मी आत येऊ का?"