स्टिकरवर बत्तीसशे

तुम्ही मला खोटारडी ठरवलंत, आणि पुरावा म्हणून माझ्याच अंगावरचा स्टिकर दाखवलात.

मी कॉम्प्युटरमधली मेमरीची पट्टी बोलतेय. स्टिकरवर माझा वेग लिहिलाय, बत्तीसशे. कारखान्यात तापवून, पळवून, पारखूनच तो चिकटवला होता. या घरात आले आणि पडद्यावर आकडा उमटला, एकवीसशे तेहतीस.

मला आणलं ताईने. ती अ‍ॅनिमेशन शिकते. कॉम्प्युटर संथ, म्हणून तिच्या फिल्ममधली चिमणी उडताना अडखळते, पंख हवेतच थांबतात. उद्या सकाळी फिल्म परीक्षकांपुढे दाखवायची आहे.

तिचा दादा घरातला तज्ज्ञ. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, खोडरबर. मला उपसायचं, माझी सोनेरी टोकं घासायची, फुंकर मारायची, परत खोचायचं. एकवीसशे तेहतीस. खाच बदलली, तरी तेच. मग पुन्हा रबर. तीन दिवसांत पाच वेळा. माझा मुलामा उडायची वेळ आलीय.

"दादा, भांडं आहे का ते घासायला?"

"माल डुप्लिकेट आहे. परत दे. परत करायला आजचाच दिवस आहे."

ताईने माझं रिकामं खोकं शोधून आणलं.

माझ्या खऱ्या वेगाची नोंद माझ्याच अंगावरच्या एका चिपमध्ये आहे. पण ती वापरायची परवानगी कुणीतरी, कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडतो त्या सेटअपमध्ये जाऊन द्यावी लागते. एक ओळ शोधायची, 'चालू' करायची. तोवर मी जिथे खोचलेय तो कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड मला जपून, हळूच चालवणार. हे सांगू कशी? जगभराचं लक्षात ठेवते मी, स्वतःबद्दल एक अक्षर बोलता येत नाही. मी गेले तर दुसरी येईल, तीही इथे अशीच रखडेल, तिलाही रबर घासतील. वाव न देता नापास करायची ही कसली घाई?

दादाने कॉम्प्युटर बंद केला. माझ्या खाचेची क्लिप दाबली. मी अर्धी उचकटले.

ताईला दुकानात सोडायला आलेली मावशी दारात किल्ली फिरवत उभी होती. ती गाडी चालवायला शिकवते.

"याचं काही सेटिंग असतं का रे?"

"सेटिंग कसलं, मावशी? खोचायची की झालं."

मावशी हसली. "माझ्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण असाच पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटतो, आणि वर मलाच सांगतो, तुमच्या गाडीत दम नाही."